वाढला का उजेड?

रात्री साडेनऊ वाजता, ताटातल्या वरणभातावर तूप नुकतंच पडलेलं असतं तेव्हा, खालून हाक येते. "अहो, दोन मिनिटं खाली येता का?" ही दोन मिनिटं कसली असतात ते मला माहीत असतं, आमच्या हिला माहीत असतं, तुपालाही एव्हाना माहीत झालं असावं. मी ताटावर ताट झाकतो आणि चपला घालतो.

खाली पार्किंगमध्ये नानांची पांढरी मारुती आठशे बॉनेट वर करून उभी असते. नाना स्टीअरिंगवर बसलेले असतात, बनियनवर. मला समोरच्या भिंतीपाशी, पाण्याच्या मीटरशेजारी उभं राहायला सांगतात. हेडलाइट लागतात. नाना हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर दाबत जातात, इंजिनाचा आवाज चढतो, आणि मग काचेतून मान बाहेर काढून ते ओरडतात, "वाढला का उजेड?"

गेल्या तीन आठवड्यांत या प्रश्नाला मी बारा वेळा उत्तर दिलंय. पहिल्या वेळी प्रामाणिकपणे सांगितलं, "नाही वाढला, नाना." त्यापायी मला आणखी पाऊण तास भिंतीपाशी उभं राहावं लागलं. तेव्हापासून मी आपलं "वाढला" म्हणायला लागलो.

असा एक माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. पूर्वी वाड्यात असायचा, चाळीत असायचा. कुणाच्या घरी तो मिक्सर उघडतो, कुणाकडे गीझर. कुणी पंखा उतरवून त्याचा कंडेन्सर बदलतो आणि पंखा परत टांगेपर्यंत घरच्यांना पुठ्ठ्याने वारा घ्यायला लावतो. आमच्या कोथरूडच्या सोळा बिऱ्हाडांच्या सोसायटीत ते काम नानांकडे आहे. आणि नानांचं मूळ काम? जिल्हा परिषदेत हिशेबनीस. पस्तीस वर्षं त्यांनी कीर्द आणि खतावणी लिहिली. गाडीचा आणि त्यांचा नोकरीतला संबंध एवढाच की दौऱ्यावर जाणाऱ्या जीपच्या डिझेलची बिलं ते अडवून ठेवायचे.

नानांच्या तोंडी एक वाक्य कायम असतं. "त्यात काय आहे?" आपणही हे म्हणतो, पण आपण म्हणतो ते काम सोपं आहे हे सांगायला, आणि मग ते दुसऱ्याला सांगतो. नानांच्या बाबतीत तो शब्दशः प्रश्न असतो. त्यात काय आहे हे त्यांना खरोखरच बघायचं असतं. एकदा ते उघडून बघितलं, की दुरुस्ती हा त्यामागून येणारा नाइलाज.

गाडी 1997 सालची. नानांनी ती एका डॉक्टरांकडून सेकंड हँड घेतली, आणि डॉक्टरांची म्हणून तिची तब्येत चांगली असणार असा त्यांचा तर्क होता. तिचं पंधरा वर्षांनंतरचं पासिंग 2012, 2017 आणि 2022 असं तीन वेळा झालंय, आणि प्रत्येक वेळचा हरित कर, प्रत्येक पावती, नानांच्या फायलीत दोऱ्याने ओवलेली आहे. "विकून टाका" हा शब्द त्यांच्यासमोर काढला, की ते आधी आपल्याला पहिल्या मारुतीची कथा सांगतात: 14 डिसेंबर 1983, दिल्ली, इंदिरा गांधींनी हरपाल सिंग नावाच्या गृहस्थांच्या हातात किल्ली दिली. हे नाना अशा आवाजात सांगतात की समारंभाला ते हरपाल सिंगांच्या शेजारीच उभे होते असं वाटावं. मग म्हणतात, "2014 च्या जानेवारीत बंद केली हो त्यांनी आठशे. आपण थोडीच बंद करणार?"

त्यांचा मुलगा बेंगळुरूला इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनीअर आहे. चिप डिझाइन करतो. नाना त्याला घरातला फ्यूज बदलू देत नाहीत.

तर झालं असं की गणपती झाल्यावर एका संध्याकाळी नाना आणि माई कर्वे रोडने परत येत होते. सिग्नलला गाडी थांबली की हेडलाइट मंद व्हायचे, निघाली की जरा सुधारायचे. डॅशबोर्डवर बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा अर्धवट लागला होता, धड लागलेला नाही, धड विझलेला नाही. माई म्हणाल्या, "हा दिवा कशाचा?" नाना म्हणाले, "काही नाही, उगाच लागतो तो." दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने फक्त "टक्" केलं.

मग धक्का. नानांच्या गाडीला धक्का देणं हा आमच्या सोसायटीतला एकमेव उपक्रम आहे ज्याला वर्गणी न मागता माणसं जमतात. वॉचमनकाका, पेपर टाकणारा मुलगा, तिसऱ्या मजल्यावरची कॉलेजला निघालेली मुलगी आणि मी. नाना आत बसून भाषण करतात: "दुसरा गिअर टाकलाय, क्लच दाबलाय, मी 'हं' म्हटलं की ढकलायचं, सोडलं म्हटलं की बाजूला व्हायचं." गेटपर्यंत उतार आहे म्हणून हे जमतं. कार्ब्युरेटरची गाडी असल्यामुळे बॅटरीत जरा धुगधुगी असली तरी ती उठते. उठली की नाना हात हलवत निघून जातात आणि आम्ही शर्टाच्या बाह्यांना लागलेली धूळ झटकत एकमेकांकडे बघतो.

पाचव्या धक्क्यानंतर नानांनी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला गाडी दाखवली. त्याच्या पाटीवर "सेल्फ-डायनामो रिपेअर" असं लिहिलंय, आणि नाना गेली कित्येक वर्षं त्याला सांगतायत की आता गाड्यांना डायनामो नसतो, अल्टरनेटर असतो, पाटी बदल. त्याने गाडी चालू केली आणि चालू इंजिनावरच बॅटरीची वायर उपसायला पाना लावला. ही जुनी रीत. वायर काढूनही इंजिन चालू राहिलं तर डायनामो चांगला, बंद पडलं तर खराब. नानांनी त्याचा हात वरच्या वर धरला. मी तिथे नव्हतो, पण ज्यांनी पाहिलं ते सांगतात की भर रस्त्यात पाकीटमार धरावा तसा धरला. "अरे, डायनामोचे दिवस गेले! अल्टरनेटर चालू असताना बॅटरी काढलीस तर व्होल्टेज उसळतं, आतले डायोड जातात, रेग्युलेटर जातो!" तो शांतपणे म्हणाला, "काका, नाहीतरी गेलाच आहे तो. नवीन टाका. साडेतीन हजार."

साडेतीन हजार हा आकडा ऐकून नाना घरी आले ते वही घेऊनच खाली उतरले.

या वहीबद्दल सांगायला हवं. लांबुळकी, लाल कापडी बांधणीची, खतावणीची वही. हिच्यात गाडीचा 2003 पासूनचा इतिहास आहे. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. पेट्रोल खर्चात. हवा खर्चात, फुकट भरली असली तरी, "रु. 0.00" म्हणून. आणि त्या दिवशी नानांनी नवं पान उघडून वर लिहिलं, "विद्युत खाते".

मला गाडीतली वीज नानांमुळे समजली, आणि ती हिशेबाच्या भाषेत समजली. "हे बघा," ते म्हणाले, "अल्टरनेटर म्हणजे पगार. बॅटरी म्हणजे बचत खातं. दिवे, वायपर, हॉर्न, हा घरखर्च. गाडी चालू आहे तोवर खर्च पगारातून भागला पाहिजे आणि वर चार पैसे बचतीत पडले पाहिजेत. आपला पगार थांबलाय. आपण बचत मोडून खातोय." मग मीटर लावून दाखवलं. बंद गाडीत भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज 12.6 च्या आसपास हवं. आलं 12.1. इंजिन चालू केल्यावर ते 13.8 ते 14.4 च्या दरम्यान चढायला हवं, म्हणजे बॅटरीत भर पडतेय. चढलं नाहीच, हेडलाइट लावल्यावर 12.0 झालं आणि उतरत राहिलं. "बघितलंत?" नाना म्हणाले. बँकेचं पासबुक दाखवावं तसा त्यांनी मीटर माझ्यापुढे धरला. हा मीटर मुलाने वाढदिवसाला पाठवलेला आहे. नाना त्याला मल्टिमीटर म्हणत नाहीत, "लेखापरीक्षक" म्हणतात.

डायोडसुद्धा मला असाच कळला. अल्टरनेटर आत जी वीज तयार करतो ती उलटसुलट वाहणारी असते, बॅटरीला लागते ती एका दिशेने जाणारी. मधे डायोड बसतात आणि वीज एकाच बाजूने सोडतात. "म्हणजे एकेरी रस्ता," मी म्हणालो. नानांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "पुण्यातला नव्हे. खरा."

निदानाची पुढची पायरी मात्र मी कुठल्याच हिशेबात बसवू शकत नाही, ती निव्वळ जादू होती. नानांनी किल्ली फिरवली, इंजिन चालू न करता, आणि मला म्हणाले, "हा पेचकस अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला, मधोमध, बेअरिंगपाशी न्या." मी नेला. "ओढतोय?" थोडासा ओढल्यासारखं वाटलं, पण मनात भीती असली की सगळंच ओढल्यासारखं वाटतं. "नाही ओढत नीट. म्हणजे फिरणाऱ्या गुंडाळीला वीज पोचत नाही. तिला वीज मिळाली की ती लोहचुंबक होते, पेचकस खेचून घेते. चुंबक नाही, तर फिरून काय उपयोग? वीज कशी व्हायची? म्हणजे कार्बन गेले. दोन एवढेएवढेसे कार्बनचे तुकडे असतात, स्लिप रिंगवर टेकलेले. झिजले असणार. त्यात काय आहे?"

मला माहीत होतं की हे वाक्य आलं की पुढचे तीन आठवडे गेले.

पहिला नियम, आधी बॅटरीची वजाबाजूची वायर काढायची. अल्टरनेटरला जी जाड वायर येते ती थेट बॅटरीवरून येते, किल्ली बंद असली तरी तिच्यात वीज असते. हा नियम नाना सगळ्यांना सांगतात, कारण 2009 साली ते एकदा विसरले होते. त्यांचा बारा-तेराचा पाना एका टोकाला नटावर आणि दुसऱ्या टोकाला बॉडीवर टेकला, लख्ख ठिणगी पडली आणि पान्याच्या दांड्याला अर्ध्या तांदळाएवढी खाच पडली. तो पाना नानांनी टाकला नाही. पाहुणे आले की दाखवतात. तलवारीवरची खूण दाखवावी तसा.

अल्टरनेटर काढायला, नानांच्या भाषेत, तीन बोल्ट आणि दोन वायरी. आठशेच्या बॉनेटखाली हात घालायला किती जागा असते हे ज्यांनी घातलाय त्यांना माहीत आहे. नाना एक हात वरून आणि एक हात खालून घालून, गाल बॉनेटच्या कडेला टेकवून, डोळे मिटून काम करतात. डोळे मिटल्यावर बोटांना जास्त दिसतं म्हणे. अधूनमधून बोटातून काहीतरी सुटतं आणि टण्, टण्, टण् करत खाली जातं, पण जमिनीवर पडत नाही. वाटेत कुठेतरी थांबतं. मग चुंबक बांधलेली दोरी, मग टॉर्च, मग मी आडवा. माझ्या कंबरेला गाडीखाली झोपायची सवय नाही हे मी अनेकदा सांगितलंय. नाना म्हणतात, "सवय होते."

मधे सल्ला देणारे येऊन जातातच. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ रोज भाजीची पिशवी घेऊन थांबतात आणि "मी आपला सहज विचारतो" अशी सुरुवात करून पेट्रोलमध्ये पाणी तर नाही ना, हे विचारतात. पेट्रोलचा इथे संबंध नाही, पण नाना त्यांना कधी तोडत नाहीत. "तेही बघू," म्हणतात. एकदा त्यांनी वहीतसुद्धा लिहिलं: "पेट्रोलमध्ये पाणी? (दुसरा मजला)."

अल्टरनेटर बाहेर आला तो गुरुवारी. नानांनी तो वर्तमानपत्रावर मांडला, प्रत्येक बोल्टभोवती पेनाने गोल काढला आणि गोलाशेजारी क्रमांक लिहिला. क्रमांक सात शब्दकोड्यावर पडला होता. माईंनी त्या दिवशी शब्दकोडं सोडवलं नव्हतं, तेव्हा त्या खुर्ची घेऊन तिथेच बसल्या आणि बोल्ट उचलून आडवे-उभे शब्द भरायला लागल्या. त्यातून क्रमांक सात आणि आठची अदलाबदल झाली. एक बोल्ट दुसऱ्यापेक्षा दोन सुतांनी लांब होता. याचे परिणाम पुढच्या मंगळवारी दिसले, पण ते सांगण्यासारखे नाहीत.

आतले कार्बन खरंच झिजले होते. एक तर नखाएवढा उरला होता. नाना एवढे खूश झाले की त्यांनी तो तुकडा आगपेटीत घालून सोसायटीभर दाखवला. "हा बघा, 1997 पासून घासतोय बिचारा." कॉलेजच्या मुलीने फोनवर फोटो काढला. वॉचमनकाकांनी तो तुकडा हातात घेऊन पेन्सिलीसारखा भिंतीवर ओढून बघितला. रेघ उमटली.

पुढचा प्रवास नाना पेठेचा. गाडीचे सुटे भाग म्हणजे पुण्यात नाना पेठ. नाना पेठेत नाना गेले की घरी लवकर येत नाहीत, हे नावावरूनच ठरलेलं असावं. कार्बनची जोडी पाच मिनिटांत मिळाली. उरलेले तीन तास नानांनी बेअरिंगच्या दुकानात काढले, कारण अल्टरनेटर हाताने फिरवल्यावर त्यांना खरखर ऐकू आली होती. मला नव्हती आली. "कान लागतो," नाना म्हणाले, त्यांचा डावा कान दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तपासलाय हे विसरून. तिथे बेअरिंगच्या खोक्यांवरच्या नंबरांचं गुपित त्यांनी मला समजावलं. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणायचं, की मधल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. 6204 म्हणजे 20. 6205 म्हणजे 25. मी हुशारी दाखवत म्हणालो, "म्हणजे 6203 म्हणजे 15." दुकानदार आणि नाना दोघांनी एकदमच मान हलवली. "सतरा." का? चारच्या खाली हा नियम लागत नाही. नानांना या अपवादाचा जेवढा आनंद होतो तेवढा नियमाचा होत नाही. हिशेबनिसाला नियमावलीतलं परिशिष्ट सापडलं की असंच होत असणार.

आता घडलं ते स्वयंपाकघरात. नवं बेअरिंग अल्टरनेटरच्या पुढच्या झाकणात घट्ट बसवायचं होतं. हातोडीने ठोकलं तर बेअरिंग बिघडतं. नानांची युक्ती अशी, की झाकण अ‍ॅल्युमिनियमचं, बेअरिंग पोलादाचं. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने पोलादापेक्षा जास्त फुगतं. म्हणून झाकण गरम करायचं, बेअरिंग गार करायचं. शुक्रवारी रात्री बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये, मटारच्या पाकिटाशेजारी, गेलं. शनिवारी सकाळी नाना झाकण घेऊन गॅसपाशी आले. माई धिरडी घालत होत्या.

"तवा मिळणार नाही."

"दहा मिनिटं."

"धिरड्याचा तवा मिळणार नाही. तो बिडाचा घ्या, मागचा."

"त्यावर तेल आहे."

"तुमच्या त्या डब्यावर काय साय आहे?"

बिडाचा तवा मिळाला. मला हाक मारलेली होती, साक्षीदार म्हणून. पाच-सात मिनिटांनी नानांनी चिमट्याने झाकण उचललं, कट्ट्यावर पाटावर ठेवलं, फ्रीजरमधून बेअरिंग काढलं, श्वास रोखला आणि सोडलं. टप्. कुणी हात न लावता ते आपोआप आत जाऊन बसलं. पाट्यावर पापड ठेवावा इतक्या हलक्या आवाजात. नानांनी माझ्याकडे बघितलं, मग माईंकडे. माईंनी तव्यावरचं धिरडं उलटलं आणि म्हणाल्या, "बसलं ना? मग आता कट्टा पुसा." पण त्यांनी आवाज ऐकला होता. दुपारी त्या आमच्या हिला सांगत होत्या, "टप् करून बसलं, अगदी टप् करून."

जोडणीत एक अडचण असते. नवे कार्बन स्प्रिंगवर असतात, ते बाहेर आलेले असतात, त्यामुळे रोटर आत जाताना आडवे येतात. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. कार्बन आत दाबून त्या भोकातून काडी सरकवायची, म्हणजे ते दबून राहतात. जोडणी झाली की काडी ओढून काढायची. नानांना टाचणी छोटी पडली, सेफ्टी पिन जाड झाली. मग त्यांनी देवघरातल्या उदबत्तीची जळून उरलेली काडी आणली. ती नेमकी मापाची निघाली. जोडणी झाली. काडी ओढली. काडी तुटली. अर्धी आत.

त्या रात्री नानांनी सगळं परत उघडलं. वहीत नोंद आहे: "उदबत्ती काडी, 1, घसारा."

रविवारी अल्टरनेटर परत गाडीत बसला. पट्टा अंगठ्याने दाबून बघायचा असतो, साधारण 10 मिलिमीटर खाली गेला पाहिजे. जास्त ढिला असला तर घसरतो आणि किंचाळतो, जास्त ताणला तर बेअरिंग खातो. नानांनी माझा अंगठा लावला, वॉचमनकाकांचा लावला, स्वतःचा लावला. तिघांच्या अंगठ्यांची सरासरी काढली आणि नट आवळला. किल्ली फिरवून पेचकस नेला. खट्! अल्टरनेटरने झडप घालून पकडला तो सोडवायला जोर लावावा लागला. कॉलेजच्या मुलीने तीनदा लावून बघितला. इंजिन चालू केलं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला.

टाळ्या झाल्या. माईंनी साखर वाटली.

आणि मीटर 12.0.

मला वाटलं नाना खचतील. ते उलट तरतरीत झाले. सलग आठ रात्री ते मीटर घेऊन गाडीपाशी होते, आणि आठही रात्री मी हेडलाइटसमोर उभा होतो. मी "वाढला" म्हणायचो आणि वर येऊन थिजलेल्या तुपाचा भात खायचो. आमची ही म्हणाली, "का खोटं बोलता त्यांच्याशी? बिचारे." मी म्हणालो, "बिचारा मी आहे."

पण खरं सांगायचं तर मला त्या रात्रींची चटक लागली होती. आपल्याला काही समजत नसताना दुसऱ्याला समजतंय आणि तो ते आपल्यासमोर मोठ्याने समजून घेतोय, यात एक सुख असतं. मी अजून फ्यूजला हात लावत नाही, पण आता मला कुठल्याही गाडीत बसलं की सिग्नलवर दिव्यांकडे बघायची खोड लागलीय. रिक्षातसुद्धा.

बुधवारी रात्री अकराला हाक आली. अकराला म्हणजे काहीतरी विशेष. मी खाली गेलो तर नाना बॉनेटच्या कडेवर वही ठेवून, चष्मा कपाळावर चढवून उभे होते. "सापडलं," ते म्हणाले. "अहो, मी मूर्ख. पस्तीस वर्षं हेच केलं मी."

"काय?"

"पगारपत्रक निघालंय, पण खात्यात जमा नाही! कधी होतं असं? बिल मधे कुठेतरी अडकलं की! टपाल बघायचं. टेबल ते टेबल."

त्यांनी मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या नटावर आणि दुसरं बॉडीवर लावलं. 14.3. मग तेच टोक बॅटरीवर नेलं. 12.2. इथून निघताना चौदा, तिथे पोचताना बारा. मधे एकच जाड वायर. नानांनी गाडी बंद केली, आधी वजाबाजूची वायर काढली, मग त्या जाड वायरच्या टोकावरचं टेपचं वेटोळं सोडवलं. आत लग हिरवागार झाला होता, पितळेच्या पातेल्यात ताक विसरल्यासारखा. तारा काळ्या पडल्या होत्या, निम्म्या तर हात लावताच तुटल्या. नानांनी ते टोक कापून टाकलं, तारा पॉलिश पेपरने चकचकीत केल्या, नवा लग दाबून बसवला, वरून डाख दिला. अकरा वाजून गेले तरी दुसऱ्या मजल्यावरचा दिवा चालू होता. भाजीवाले गृहस्थ गॅलरीत येऊन "मी आपला सहज विचारतो" म्हणाले आणि आत गेले.

इंजिन चालू केलं. मीटर 14.1. नानांनी वहीत लिहिलं. मला म्हणाले, "जा, उभे राहा."

मी पाण्याच्या मीटरपाशी जाऊन उभा राहिलो. दिवे लागले. नानांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि भिंतीवरची माझी सावली एकदम काळीकुट्ट झाली. आजवर ती फिक्या चहासारखी पडायची. माझे कान दिसले, चष्म्याची काडी दिसली.

"वाढला का उजेड?"

"वाढला!"

नाना गप्प बसले. मग म्हणाले, "खोटं."

"अहो नाना, खरंच वाढला!"

"तुम्ही नेहमीच तसं म्हणता." त्यांनी वही उघडून काचेतून माझ्याकडे धरली. मी जवळ जाऊन बघितलं. प्रत्येक तारखेपुढे दोन रकाने होते. "शेजारी: वाढला. मीटर: 12.0." "शेजारी: वाढला. मीटर: 11.9." पहिल्या तारखेपुढे मात्र "शेजारी: नाही" होतं आणि त्याच्याखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढलेली.

"तुम्ही बसा इथे," नाना म्हणाले आणि दार उघडून बाहेर आले.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. या गाडीत मी कधी त्या बाजूला बसलो नव्हतो. सीटवर माईंनी विणलेली चौकडीची गादी होती. नाना चालत जाऊन भिंतीपाशी, माझ्याच जागेवर उभे राहिले, बनियनवर, कपाळावर चष्मा, हाताला काळं ग्रीस. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. ते उजेडात असे उभे होते जसे काही आत्ताच कुणीतरी त्यांचा सत्कार करणार आहे. डोळ्यांवर हात धरून त्यांनी एकदा दिव्याकडे बघितलं, एकदा मागे वळून भिंतीवरच्या आपल्या सावलीकडे.

"वाढला का, नाना?" मी विचारलं.

वरून माईंचा आवाज आला, "वाढला हो! इथे गॅलरीपर्यंत आलाय! बंद करा आता आणि वर या, लोक झोपलेत."

नाना सावलीकडेच बघत होते.

"परत दाबा एकदा," ते म्हणाले.